शंभरचं स्टिकर, तिशीची बॅटरी : गाडीवर बॅटरी बसवणाऱ्यांनी वाचावं

इमारतींच्या काचा धुण्याच्या गाडीसाठी बॅटरी घेताना आम्ही पुण्यात फसलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. पण ही हातचलाखी नेमकी कशी चालते आणि कुठे पकडता येते, ते मोजमापासकट लिहितोय. नव्याने हा धंदा करणाऱ्या पोरांचं भांडवल असंच बुडतं, ते बघवत नाही.

आधी हिशेब. ईको गाडी, मागे ३०० लिटरची टाकी, आरओ-डीआयचं (क्षार काढलेलं) पाणी, १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप आणि ब्रशचा लांब पोल. पंप चालू असताना साधारण ७ अँपिअर ओढतो. दुपारी टाकी पुन्हा भरली तर दिवसात ५ तास पाणी चालतं, म्हणजे ३५ अँपिअर-अवर. पंप चालू-बंद करणारा कंट्रोलर, मागचा दिवा वगैरे धरून ४० समजा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणून १०० अँपिअर-अवरची बॅटरी. मागणी बरोबर होती. मिळाली ती वस्तू खोटी होती.

दुकानदाराने पाण्याची ट्यूब्युलर (नळीसारख्या प्लेटांची, वरून पाणी घालावं लागणारी) बॅटरी दाखवली. स्टिकरवर ‘१०० एएच’ (अँपिअर-अवर), चकचकीत डबा. समोर मल्टिमीटर लावून १२.८ व्होल्ट दाखवले, हायड्रोमीटर बुडवून सहाही खान्यांतल्या अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी (दाटपणा) १.२४० दाखवली, वर दोन टोकांचा हेवी लोड टेस्टर पाच सेकंद दाबून काटा हिरव्यात आणला. तीन परीक्षा पास, मग शंका कोण घेतो? जुनी बॅटरी देऊन सूट घेतली, कच्चं बिल घेतलं, वॉरंटी कार्डावर शिक्का नंतर मारू म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यापासून पंप दुपारी दोनलाच बंद पडायला लागला. आमचा कंट्रोलर ११ व्होल्टला पंप तोडतो. दुकानदार म्हणाला चार्जर खराब आहे, म्हणून त्याच्याकडूनच ‘१० अँपिअर ऑटोमॅटिक’ चार्जर घेतला. मग म्हणाला तुमचा पंप जास्त खातो. क्लॅम्प मीटर लावला तर पंप सातच अँपिअर खात होता. (क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात.)

शेवटी डिस्चार्ज टेस्ट केली. ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती, आणि सगळं लिहिण्यामागे सांगायचं तेवढंच आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करा, चार-पाच तास तशीच ठेवा. हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब जोडा. तो साडेचारच्या वर अँपिअर घेतो. वेळ लिहून ठेवा, दर तासाला व्होल्टेज लिहा, १०.५ व्होल्टला बल्ब काढा. बॅटरीवर ‘सी २०’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ २० तासांत उतरवली तर तेवढी क्षमता मिळते. म्हणजे खऱ्या १०० च्या बॅटरीवर हा बल्ब वीसेक तास जळायला हवा. पाण्याची नवी बॅटरी पहिल्या काही फेऱ्यांत थोडी कमी देते, ते समजू शकतं; पण १६ तासांच्या आत बसली तर सरळ परत न्यायची. आमची ७ तासांत बसली. सात साडेचारं साडेएकतीस, म्हणजे बत्तीसेक अँपिअर-अवर. टेस्ट संपली की लगेच चार्जिंगला लावा, उतरलेली ठेवली तर चांगली बॅटरीही बिघडते.

आता दुकानातल्या तिन्ही परीक्षा खोट्या का ठरल्या? व्होल्टेज प्लेट किती उरलीय ते सांगत नाही. आहे तेवढी प्लेट चार्ज झालीय एवढंच सांगतं. बादली असो की तांब्या, काठोकाठ भरला की भरलेलाच दिसतो. हेवी लोड टेस्टर गाडीला स्टार्टर मारायचा जोर बघतो, तो काही सेकंदांचा खेळ. पाच तास पंप चालेल का, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. आणि ग्रॅव्हिटीची लबाडी सगळ्यात वाईट. वापरून झालेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, प्लेटांवरचा मसाला (वीज साठवणारा थर) झडून तळाला साचतो. अशा बॅटरीतलं पातळ अ‍ॅसिड ओतून ताजं अ‍ॅसिड भरलं की हायड्रोमीटर झकास आकडा दाखवतो. मोजलं जातं भरलेलं अ‍ॅसिड, प्लेट नाही.

हे पकडायची खूण आहे. टेस्ट संपल्यावर, बॅटरी पूर्ण उतरलेली असताना पुन्हा ग्रॅव्हिटी घ्या, डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे घालून. निरोगी बॅटरीत ती १.१२०-१.१५० पर्यंत खाली येते, कारण अ‍ॅसिड प्लेटांत शिरलेलं असतं. आमच्यात १.२०० च्या आसपासच राहिली. अ‍ॅसिड भरपूर, ते घ्यायला प्लेटच नाही.

त्यानंतर डबा नीट पाहिला. स्टिकरच्या कोपऱ्याला नख लावलं तर खाली दुसऱ्या स्टिकरचा गोंद. डब्यावर कोरलेला नंबर सॅंडपेपरने घासलेला. शिशाचे पोस्ट (टर्मिनल) पॉलिश केलेले, पण मुळाशी जुन्या क्लॅम्पचा दात बसलेला. व्हेंट प्लगच्या कडेला तपकिरी गाळ. घेतानाच टॉर्च मारून एवढं पाहिलं असतं तर पैसे वाचले असते. कंपनीच्या पत्रकात अ‍ॅसिडसह वजन दिलेलं असतं. वजनकाट्यावर ठेवून जुळवा, मोठा फरक दिसला तर सोडून द्या.

चार्जरचीही तीच गत. वर १० लिहिलेलं, उतरलेल्या बॅटरीवर मोजले तर ४ अँपिअर. चाळीस काढले तर परत अठ्ठेचाळीसएक भरावे लागतात, रात्रीच्या दहा तासांत चारने ते होत नाही. रोज थोडं कमी भरत गेलं की चांगली बॅटरीही सल्फेटने जाते. शिवाय ‘ऑटोमॅटिक’ असून तो तोडत नव्हता. रविवारी लावून ठेवला तर सोमवारी सकाळी १५.६ व्होल्ट आणि गाडीत अ‍ॅसिडचा वास. अशा वेळी बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेतो. चार्जर १०० ला १० अँपिअरचा घ्या, जो १४.४ च्या आसपास जाऊन मग १३.५-१३.८ वर टिकतो. उन्हाळ्यात बंद गाडीत ४० अंश असेल तर वरचा आकडा सुमारे ०.३ व्होल्टने कमी हवा. माझं मत, गाडीत पाण्याची बॅटरी नकोच. सीलबंद एजीएम (काचतंतूंच्या गादीत अ‍ॅसिड शोषून ठेवलेली) घ्या. सांडत नाही, चार्जिंग नीट असेल तर वास नाही. तिच्यात ग्रॅव्हिटी बघता येत नाही, म्हणून डिस्चार्ज टेस्ट दुप्पट महत्त्वाची.

गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज देणाऱ्या यंत्रावरून) चार्जिंग जोडून देतो म्हणाला दुकानदार, त्यात २.५ स्क्वेअर मिमीची वायर घातली. चार मीटर जाणं, चार येणं, २० अँपिअरला १ व्होल्टच्या वर वाटेतच जातो. अल्टरनेटर १४.२ देतो, बॅटरीला १३.१ पोचतं, ती भरणार कशी? तिथे १६ स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर हवी आणि गाडीची आणि पंपाची, दोन्ही बॅटऱ्यांजवळ एकेक फ्यूज. नव्या गाडीत अल्टरनेटर व्होल्टेज मुद्दाम खाली आणत असेल तर दोन बॅटऱ्या जोडणारा साधा रिले चालत नाही, व्होल्टेज वाढवून देणारा डीसी-डीसी चार्जर लागतो.

तक्रार केल्यावर दुकानदाराने ‘वर पैसे द्या, लिथियम घ्या’ सांगितलं. डबा उचलला तर सहा किलोच. लिथियम फॉस्फेटच्या १०० अँपिअर-अवरच्या चार सेलांचंच वजन आठेक किलो होतं, वर बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) आणि डबा. सहा किलोत शंभर बसूच शकत नाही. लिथियम खरी असेल तर हलकी, टिकाऊ आणि या कामाला उत्तम, पण तिला १४.४-१४.६ वर थांबणारा तिचाच चार्जर लागतो. व्होल्टेज बराच वेळ १३.२ च्या आसपास स्थिर राहतं, त्यामुळे मीटर लावून ‘किती उरली’ कळत नाही.

जुनी बॅटरी नवीची टेस्ट होईपर्यंत देऊ नका. आमची जुनी याच्यापेक्षा जास्त चालत होती आणि ती परत मिळाली नाही. बिल पक्कं, जीएसटीचं घ्या. त्यावर बॅटरीचा अनुक्रमांक, एएच, ‘सी २०’ आणि तारीख लिहून घ्या. वॉरंटी कार्डावर शिक्का तिथल्या तिथे. टेस्टचे फोटो वेळेसकट ठेवा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवर ‘तुम्ही ग्राहक नाही’ असा मुद्दा येतो. पण २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला ग्राहक धरलं आहे, तेव्हा अर्जात ते स्पष्ट लिहा. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आमच्याकडे कच्चं बिल होतं, त्यावर ना नंबर, ना एएच, नुसतं ‘बॅटरी १ नग’.