पिकअप घेताय? ॲव्हरेज लिटरवर नको, कॅरेटवर काढा

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात गाडीची चौकशी केली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ॲव्हरेज किती देते?’ उत्तरही ठरलेलं. प्रत्येकजण आपल्या गाडीला लिटर-दोन लिटर चढवूनच सांगतो. शोरूममधला आकडा त्याहून गोड असतो, कारण तो घाट, रांग आणि तुमचा माल धरून काढलेला नसतो.

सध्या तीन गाड्यांमध्ये निवड करायची आहे असं धरू. बोलेरो पिकअप १.७ टन म्हणजे २.५ लिटरचं डिझेल इंजिन. टाटा इंट्रा व्ही-३० ला १.५ लिटर डिझेल आणि १३०० किलो वजनक्षमता. इंट्रा व्ही-२० सीएनजी-पेट्रोलवर चालते, क्षमता १००० किलो.

नारायणगाव ते वाशी, चाकण-तळेगाव करून एक्स्प्रेस वेने, जाऊन-येऊन सुमारे ३१० किलोमीटर. भरलेलं कॅरेट, म्हणजे टोमॅटोचं प्लास्टिकचं क्रेट, २२ किलोचं धरा. डिझेलचा लिटर आणि सीएनजीचा किलो, दोन्ही ९० रुपये समजू. जाताना माल, येताना रिकामी कॅरेटं, असं दोन्ही फेऱ्यांचं मिळून ॲव्हरेज बोलेरोला १२, व्ही-३० ला १५ आणि सीएनजीला किलोमागे १७ धरलंय. हे आकडे हिशेबापुरते आहेत, तुमचे आकडे घालून बघा.

बोलेरोत ७५ कॅरेटं बसली तर इंधन कॅरेटमागे ३१ रुपये. व्ही-३० मध्ये ५८ कॅरेटं, कॅरेटमागे ३२. सीएनजीत ४५, कॅरेटमागे साडेछत्तीस. म्हणजे पंपावर जास्त पिणारी गाडीच इथे स्वस्त पडली.

आता तोडा कमी निघाला आणि फक्त ४० कॅरेटं आहेत असं धरा. बोलेरो ५८ रुपयांवर, व्ही-३० साडेसेहेचाळीसवर आणि सीएनजी ४१ वर. (हलक्या मालाला बोलेरोचं ॲव्हरेज थोडं वाढेल, पण सतरा रुपयांचं अंतर त्याने भरून निघत नाही.) म्हणून गाडी बघायला जाण्याआधी मागच्या हंगामाच्या पट्ट्या (माल विकल्याच्या पावत्या) काढा आणि किती फेऱ्या अर्ध्या मालाने झाल्या ते मोजा.

सीएनजीचा किलो आणि डिझेलचा लिटर समोरासमोर ठेवताना एक गोष्ट ध्यानात घ्या. किलोभर सीएनजीत ऊर्जा लिटरभर डिझेलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने जास्त असते, म्हणून तिचा आकडा मोठा दिसतो. पण घाटात भरलेली गाडी दम टाकते, पंपावर रांग असते आणि टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. रोज चाकण-पुणे करणाऱ्याला ती चालेल. रात्री दोनला वाशी गाठायची असेल तर मी डिझेलच घेईन.

घेतलेल्या गाडीचं ॲव्हरेज वाढवायला ॲडिटिव्हच्या बाटल्या नकोत. वेग बघा. ताशी ६५ ऐवजी ८० ने गेलात तर हवेचा अडथळा जवळजवळ दीडपट होतो, आणि उंच रचलेल्या कॅरेटांवर सैल ताडपत्री फडफडत असेल तर आणखी भर पडते. ती दोरीने आवळा. टायरची हवा गाडी थंड असताना, भरल्या गाडीसाठी कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवा. स्प्रिंगला जादा पाटे टाकून क्षमतेपेक्षा जास्त माल चढवला की ॲव्हरेज तर जातंच, ब्रेकही जातात.

खंडाळ्याच्या उतारावर ‘न्यूट्रल मारून डिझेल वाचवतो’ म्हणणारे ड्रायव्हर भेटतात. आजच्या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनला जाणारं डिझेल बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर, खाली वळण.

खरं ॲव्हरेज काढायचं तर एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा कट होईपर्यंत टाकी भरा, मीटर लिहून ठेवा, तीन-चार फेऱ्यांनंतर तिथेच पुन्हा भरा. शेजारी कॅरेटांचा आकडाही लिहा.