आधी मारहाण ऐकवायची की आठवडे बाजार?

भुसावळचा एक पोरगा गुन्ह्यांवर मराठी पॉडकास्ट काढतोय. पहिला भाग राईनपाड्यावर: धुळे जिल्ह्यातलं गाव, जिथे मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. दोन संहिता घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, यातली कोणती घेऊ?"

पहिली सुरू होते मारहाणीच्या व्हिडिओतल्या आरडाओरड्याने. मग शांतता, मग प्रश्न: ते पाच जण होते तरी कोण? उत्तर 25व्या मिनिटाला. ऐकणारा जागचा हलणार नाही, हे कबूल. पण तोवर ते पाच जण त्याच्याही मनात संशयितच राहतात. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यात अफवेने जे केलं, तेच आपण 25 मिनिटं पुन्हा करायचं, तेही रंगत यावी म्हणून.

दुसरी पहिल्याच दमात सांगून टाकते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढ्याची, भिक्षेवर पोट. रविवार, आठवडे बाजार. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आधीपासून फिरत होते. शेवट ठाऊक असूनही, बाजारातून गोष्ट ग्रामपंचायतीच्या खोलीकडे सरकते तसा पोटात गोळा येतो. खोट एवढीच, की पुढे ती दोषारोपपत्रासारखी वाचली जाते. कलमांची नुसती रांग.

खरा फरक मला पुराव्यात दिसला. पहिलीत चार ठिकाणी 'आरोपींनी कबुली दिली' असं होतं, पोलिसांच्या प्रेसनोटवरून उचललेलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे क्राइम बीटवरच्या नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. मला कुणी सांगितलं नव्हतं. एका खुनाची बातमी मी तोंडी माहितीवर 'प्रेमप्रकरणातून' म्हणून दिली. साक्षी झाल्या तेव्हा भांडण शेताच्या बांधाचं निघालं. मधल्या काळात त्या घरातल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. खुलासा आतल्या पानावर, तीन ओळींत आला. दुसऱ्या संहितेत मात्र 2024 चा धुळे न्यायालयाचा निकाल आणि सात जणांची जन्मठेप नीट आली आहे.

पुढचा भाग त्याला जळगावच्या 1994 च्या प्रकरणावर करायचाय, मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांच्या. तिथे पहिली पद्धत मुळीच नको. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 228अ होतं, आता न्याय संहितेचं 72. ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये बजावलंय. आपल्याकडे 'अमक्या गल्लीतल्या किराणावाल्याची मुलगी' म्हटलं की नाव घ्यायची गरजच उरत नाही. त्या मुली आज पन्नाशीच्या आसपास असतील, कुणाच्या घरात सुना आल्या असतील.

तर माझं मत दुसरीला, पण पहिलीचा कान घेऊन. कलमं कमी कर, बाजार ऐकव: भावाची घासाघीस, अहिराणीतल्या हाका, वजनकाट्याची खणखण. निकाल पाचव्या मिनिटालाच सांगून टाक.

निघताना तो घुटमळला. व्हिडिओतला पाच सेकंदांचा आवाज तरी ठेवू का? म्हटलं, आधी मंगळवेढ्याला त्या घरांत विचारून ये. भुसावळहून सोलापूरला थेट गाडी आहे.