प्लॅस्टिक वेल्डिंगच्या नावाखाली सुपरग्लू आणि पुट्टी

बाइकचं तुटलेलं पॅनल दुरुस्तीला टाकलं असेल तर पैसे देण्याआधी ते उलटं करून बघा. मला मिळालं ते मागूनही काळ्या रंगाने व्यवस्थित रंगवलेलं होतं. जी बाजू कुणाला दिसतच नाही तिच्यावर कुणी एवढी मेहनत का घ्यावी? झाकण्यासारखं काहीतरी असतं म्हणून.

साइड पॅनलला लांब चीर गेली होती आणि रबरात बसणारे दोन कान मोडले होते. कारागीर म्हणाला, "आतून जाळी टाकून वेल्डिंग मारून देतो, परत तिथून तुटणार नाही." पैसे वेल्डिंगचे ठरले आणि घेतलेही तेवढेच. काम मात्र चकाचक! चीर नेमकी कुठे होती ते हात फिरवूनही कळेना.

थोडे दिवस खराब रस्त्यावर गाडी चालली आणि रंगावर बारीक रेघ उमटली, जुन्या चिरेच्याच वाटेने. पॅनल ओढलं तर एक कान रबरातच अडकून राहिला. मागचा काळा रंग पॉलिश पेपरने घासला, तेव्हा खाली पांढरट, दगडासारखा कडक थर निघाला. जाळीचा पत्ता नाही, प्लॅस्टिक वितळवल्याची खूण नाही. सुपरग्लूवर खाण्याचा सोडा भुरभुरवला होता, पुढून पुट्टीचा जाड लेप आणि वर रंग. कानसुद्धा त्याच मिश्रणाचे घडवलेले. सोडा पडला की सुपरग्लू क्षणात कडक होतो, कानशीने घासताही येतो. घरातल्या शोभेच्या वस्तूला ठीक आहे, पण गाडीचं पॅनल सतत थरथरतं, थोडं वाकतं. हा थर वाकत नाही, सरळ तडकतो.

जाब विचारला तर उत्तर तयार होतं: "प्लॅस्टिकच जुनं झालंय, त्याला मी काय करू?" वर पुन्हा अर्ध्या पैशात करून द्यायची तयारी. या धिटाईला काय म्हणावं!

खरं वेल्डिंग कसं असतं हे दुसऱ्या कारागिराकडे उभं राहून पाहिलं. त्याने आधी पॅनलच्या मागचा शिक्का वाचला. बहुतेक कंपनीच्या पॅनलवर तो असतो: एबीएस किंवा पीपी, म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन जाती. शिक्का नसेल तर आतल्या कडेचा बारीक कपचा पाण्यात टाकायचा. पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. हे का बघायचं, तर वेल्डिंगची कांडी त्याच जातीची लागते. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं, म्हणून त्याचे तुकडे विरघळवून केलेली लापशीही चिरेत भरता येते. पीपीवर ॲसिटोनचा काही परिणाम होत नाही आणि साधा गोंदही त्याला नीट धरत नाही. मग चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. कडा तासून खाच केली, मागून स्टीलची जाळी गरम करून प्लॅस्टिकमध्ये दाबली आणि वरून कांडी वितळवली. पुट्टी शेवटी, तीही नावापुरती.

त्याचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो आधीचा सुपरग्लू खरवडण्यात. तो प्लॅस्टिकमध्ये मिसळून वितळत नाही आणि तापवला तर डोळे चुरचुरवणारा धूर सोडतो. म्हणजे बनवाबनवीचे पैसे वेगळे आणि ती निस्तरण्याचे वेगळे.

आता मी आधीच सांगून ठेवतो: पुट्टी लावण्याआधी पॅनल दाखवायचं आणि मागची बाजू रंगवायची नाही. जाळी आणि वितळलेली रेघ मागून उघडी दिसते. दोन्ही अंगठ्यांनी पॅनल हलकं वाकवलं तर सांधा करकरत नाही. एकाने ही अट ऐकून "मागचं कोण बघतंय?" असं विचारलं. पॅनल उचलून मी तिथून निघालो.