एकाच भोकावर दोघं, की मडगार्डला वेगळी क्लॅम्प?

१९८०च्या आसपासच्या बऱ्याच टूरिंग सायकलींना मागच्या चाकाच्या आसापाशी बोल्टसाठी एकेकच भोक असतं. कॅरियरही तिथेच, मडगार्डची तारही तिथेच.

पहिला मार्ग म्हणजे लांब एम५ (५ मिमी जाडीच्या) बोल्टवर दोन्ही बसवणं. यात क्रम महत्त्वाचा: कॅरियरचा पाय फ्रेमला चिकटून, मडगार्डची तार बाहेर. उलटं केलंत तर सामानाचं वजन फ्रेमपासून दूर जातं आणि बोल्ट वाकतो. साखळीच्या बाजूला बोल्टचं टोक आत डोकावून साखळीला लागत नाही ना, हे चाक फिरवून, साखळी मागच्या सगळ्यात लहान दातेरी चकतीवर टाकून बघाच. गैरसोय एकच: मडगार्ड काढायचं तर कॅरियरही सैल करावा लागतो.

दुसरा मार्ग, रबराचं अस्तर असलेली क्लॅम्प फ्रेमच्या नळीवर आवळून मडगार्डची तार तिला जोडणं. भोक पूर्ण कॅरियरला मिळतं, दोन्ही स्वतंत्र राहतात. नळीच्या जाडीला नेमकी बसणारी क्लॅम्प मात्र शोधावी लागते. रबराखाली ओल साचते, म्हणून पावसाळ्यानंतर ती काढून पुसावी.

भरलेल्या बॅगा घेऊन लांब जाणार असाल तर मी दुसराच मार्ग सुचवेन. पण कॅरियर कधीही क्लॅम्पवर टांगू नका, वजनाने ती खाली घसरते.