क्रिप्टोलिमस भुंगेरे : सीताफळात दोन हंगाम वापरून

आमची बाग पुरंदर तालुक्यात, एक एकर सीताफळ. पावसाने ओढ दिली की पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड फळाच्या डोळ्यांमधल्या खाचांत जाऊन बसते. अंगावर मेणाचा कापूस, त्यामुळे औषध वरच्या वर ओघळून जातं. तिने सोडलेल्या गोड चिकट्यावर काळी बुरशी चढली की बाजारात त्या फळाला कुणी हात लावत नाही. दोन हंगामांपासून मी फवारणीऐवजी हा ढेकूण खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडतोय.

हे नवं खूळ नाही. 1898 साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी हा भुंगेरा ऑस्ट्रेलियातून भारतात आणला होता. शिफारस हेक्टरी 1500ची, मी एकराला 600 मागवतो. मसुराएवढा काळपट जीव, डोकं नारिंगी. ऊन उतरल्यावर जास्त कीड असलेल्या झाडांच्या बेचक्यात डबा उघडायचा.

खरं काम त्याची अळी करते आणि तिलाच आपण मारून बसतो. तिच्याही अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या असतात. कामाला येणाऱ्या मावशी ओरडल्या, "दादा, ढेकूण केवढाले झालेत बघा!" आणि चिरडायला लागल्या. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. गवताच्या काडीने डिवचून बघा : ढेकूण जागचा फारसा हलत नाही, अळी तुरुतुरु पळते. ढेकणाच्या अंड्यांच्या पुंजक्यात तोंड खुपसून बसलेली अळी मी मावशींना दाखवली. आता त्याच इतरांना ओळख पटवतात.

पहिल्या वर्षी पार्सल 15 ऑगस्टची सुट्टी आणि रविवार धरून कुरिअरच्या ऑफिसात पडून राहिलं. निम्मे भुंगेरे मेलेले निघाले, भरपाई मिळाली नाही. त्या वर्षी मुंग्यांकडेही माझं दुर्लक्ष झालं. गोड चिकट्यासाठी मुंग्या ढेकणाची राखण करतात, भुंगेऱ्याला जवळ येऊ देत नाहीत. आता आधी खोडाला प्लॅस्टिकची पट्टी बांधून वर ग्रीस लावतो, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटतो. गेल्या हंगामात त्याचा फरक झाडावर दिसला : कीटकनाशक एकदाही मारलं नाही, तरी काळी पडलेली फळं थोडीच निघाली.

फळमाशीला मात्र याचा उपयोग नाही, तिच्यासाठी नर माश्यांना वासाने ओढणाऱ्या मिथाइल युजेनॉलचे सापळे वेगळे लावावेच लागतात. यंदाचीही नोंदणी केलीय, पार्सल सोमवारीच निघेल या बोलीवर.