रात्री बारा वाजता कोरं होणारं ॲप: बाळाला पाजण्याच्या नोंदींचा काही महिन्यांचा अनुभव

टायमर, डावी-उजवी बाजू, शी-शूची नोंद, आईबाबांच्या दोन फोनवर एकच खातं, हे असल्या सगळ्याच ॲपमध्ये असतं तसं यातही आहे. त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते रात्री बारा वाजता काय होतं त्याबद्दल.

बारा वाजले की पहिली स्क्रीन कोरी. ‘आज: ० वेळा.’ शेवटचं कधी पाजलं, कुठल्या बाजूला पाजलं, सगळं ‘काल’च्या पानावर. साडेअकराला पाजून जेमतेम डोळा लागलेला असतो, दीडला बाळ मूठ चोखत तोंड इकडेतिकडे फिरवायला लागतं. एका हातावर त्याचं डोकं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मागचं पान शोधायचं. रडणं ही भुकेची सगळ्यात उशिराची खूण. एकदा का ते रडायला लागलं की नीट पकडत नाही, आधी शांत करावं लागतं आणि मग पाजायचं. म्हणून तेवढ्या दोन मिनिटांचा मला इतका राग आहे.

त्यात पावणेबाराला घेतलेलं बाळ सव्वाबाराला सुटलं, तर ॲप त्याचे दोन तुकडे करून दोन्ही दिवसांत एकेक मोजतं. नवजात बाळ २४ तासांत साधारण ८ ते १२ वेळा पितं. डॉक्टरही तेच विचारतात: गेल्या चोवीस तासांत किती वेळा पाजलं, किती लंगोट ओले झाले? (पाचव्या दिवसापासून निदान ६ व्हायला हवेत.) ‘आज’चा आकडा कुणालाच नको असतो. सकाळच्या तपासणीला माझ्या स्क्रीनवर ‘आज: ३’ होतं आणि बाळाचं वजन अजून जन्माच्या वजनापर्यंत पोचलेलं नव्हतं. जीव टांगणीला लागलेला असताना मी कालच्या नोंदी बोटांवर मोजत बसले.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, ‘फोनची वेळ बरोबर आहे का पाहा.’ स्क्रीनशॉट जोडून पुन्हा लिहिलं. उत्तर तेच, वर सशुल्क आवृत्तीतल्या रंगीत आलेखांची माहिती. एक तारा देऊन मी वहीकडे वळले.

त्या एका ताऱ्याचे आता तीन केलेत, ते जुन्या नोंदींमुळे. उजव्या बाजूला दुखरी गाठ आली तेव्हा फोन उघडून मागच्या रात्री चाळल्या. बारा ते सहा, सगळीकडे डावी, डावी, डावी. त्या कुशीवर आडवं पडून पाजणं सोयीचं जात होतं, आणि ‘शेवटची बाजू’ बारालाच पुसली गेल्यामुळे ॲप काही आठवण करून देत नव्हतं. पण नोंद होती म्हणून कारण लगेच सापडलं. बाजू पुन्हा आलटूनपालटून घ्यायला लागले आणि गाठ हळूहळू उतरली. वहीत मी बाजू लिहीतच नव्हते. मग परत ॲपवर आले.

तीन तासांचा गजर सुरुवातीला ठेवाच. पहिले काही दिवस बाळं झोपाळू असतात, वजन भरून येईपर्यंत उठवून पाजावं लागतं. नंतर बंद करा. संध्याकाळी बाळ तासातासाला मागतं आणि ॲप ‘अजून वेळ झालेली नाही’ म्हणतं, ते मनावर घेऊ नका. मागितलं की पाजायचं, दूधही त्यानेच वाढतं. आणखी एक: दोन वेळांमधलं अंतर पाजायला सुरुवात केल्यापासून मोजतात, हे ॲप संपल्यापासून मोजतं.

नव्या आवृत्तीत ‘दिवस किती वाजता सुरू’ हा पर्याय आलाय. सेटिंग्जमध्ये आलेखांच्या खाली दडलाय, शोधा. मी सकाळी ७ ठेवलंय, त्यामुळे अख्खी रात्र एका पानावर राहते. गेल्या २४ तासांची फिरती मोजणी अजून नाही. ती येईपर्यंत चौथा तारा नाही, आणि वर्गणीही भरणार नाही.