पॉलिहाऊसचा 'गंधक सोसणारा' कागद: २२ महिन्यांनंतर

मावळात आमचं २० गुंठ्यांचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. २२ महिन्यांपूर्वी त्यावर नवा कागद, म्हणजे छपराचं पारदर्शक प्लॅस्टिक, चढवला. २०० मायक्रॉन जाडीचा, यूव्ही स्टॅबिलाइज्ड (म्हणजे उन्हात टिकायचं औषध घातलेला), शिवाय गंधक सोसणारा. आधीच्यावरही यूव्ही छापलेलं होतंच. तीन वर्षांच्या बोलीवर घेतला आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात पाइपांवरून तडकला, वळवाच्या पहिल्या वाऱ्यात चिंध्या. विक्रेता म्हणाला, "दादा, तुम्ही गंधक फार मारता." तेव्हा डोकं फिरलं होतं. आता कबूल करतो, निम्मं त्याचं खरं होतं.

पॉलिथिनला ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून खातात. उन्हाने रेणूतला एक बंध तुटला की त्यातून फ्री रॅडिकल, म्हणजे मोकाट तुकडा, तयार होतो, तो पुढचा बंध तोडतो, आणि हे लोण पसरत जातं. ठिबकच्या काळ्या नळीत दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक असतो, तो ऊन आत शिरूच देत नाही. आपल्याला कागदातून उजेड हवा, म्हणून तो उपाय बाद. जुन्या लोकांना पिवळसर-हिरवट कागद आठवत असेल, तो रंग निकेलच्या संयुगाचा. आता बहुतेक कागदांत 'हाल्स' नावाचं द्रव्य घालतात. ते रॅडिकलला पकडून गप्प करतं आणि स्वतः पुन्हा कामाला तयार होतं, म्हणून थोडंसं घातलं तरी काही वर्षं पुरतं.

पण हे हाल्स पडलं अमाइन, म्हणजे अल्कधर्मी. गुलाबावर भुरी ही बुरशी येते, आपण गंधक मारतो, गंधक तापवून त्याची वाफ सोडणारा बर्नर लावतो. ते कागदावर बसतं, ऊन आणि दमटपणाने त्याचं आम्ल होतं, आम्ल हाल्सला धरतं आणि त्याचा क्षार होऊन बसतो. मग कागदात औषध असून नसल्यासारखं. यातलं निम्मं माझं. उरलेलं निम्मं असं, की कागद देताना त्याने 'पीक कोणतं?' एवढंही विचारलं नव्हतं.

नव्यात 'नॉर' प्रकारचं हाल्स आहे. त्याचा अल्कधर्म फार कमी, त्यामुळे आम्लाच्या तावडीत सहसा सापडत नाही. किलोमागे चांगलाच महाग पडला. तरी हमीपत्रात गंधकाची मर्यादा लिहिलेलीच आहे, ती ओलांडली की हमी संपली. म्हणून बर्नर बंद केला, गंधक आलटून पालटून वापरतो आणि प्रत्येक फवारणी वहीत लिहितो.

उरलेल्या कागदाची गुंडाळी घरात अंधारात ठेवली आहे. दर तीन महिन्यांनी छपराच्या कडेची आणि गुंडाळीतली अशा दोन पट्ट्या हाताने ओढून बघतो. अजून दोन्ही जवळपास सारख्याच ताणतात, मग फाटतात. जुन्याची पट्टी शेवटी शेवटी पापडासारखी मोडायची.

सगळं छान नाही. पाइपाला टेकतो तिथे कागद पांढुरका, ताठ पडायला लागलाय. उन्हात सांगाड्याचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप चटका बसेल इतका तापतो. चढवण्याआधी एका स्पॅनच्या, म्हणजे छपराच्या एका कमानीच्या, पाइपांना वरच्या अंगाने पांढरा रंग दिला होता, बाकीच्यांना देईपर्यंत मजूर थांबेनात. रंगवलेल्या स्पॅनवर एकही पांढुरकी रेघ नाही. दुसरी चूक, एक भोक पीव्हीसीच्या चिकटपट्टीने बुजवलं. पीव्हीसी कागदाला लागू देऊ नका असं माहितीपत्रकात छापलेलं होतं, मी वाचलं पट्टीच्या कडेने चीर गेल्यावर.

आणि अँटी-ड्रिप, म्हणजे दव थेंबथेंब गळू न देणारं द्रव्य! पहिला हिवाळा मजेत गेला, पाणी कागदावरून सरळ गटरकडे ओघळायचं. दुसऱ्या हिवाळ्यात सकाळी कळ्यांवर टपटप, पाठोपाठ बोट्रायटिस ही बुरशी. ते द्रव्य पृष्ठभागावर येऊनच काम करतं आणि दवाबरोबर धुऊन जातं, ते यूव्हीच्या औषधाइतकं टिकणारच नाही. विक्रेते मात्र 'सगळं तीन वर्षं' म्हणून मोकळे होतात.

घेण्याआधी एक करा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. २०० मायक्रॉनचा साधारण १८४ ग्रॅम भरायला हवा. माझ्या जुन्या कागदाचा एक तुकडा मोटारीवर झाकायला ठेवला होता, तो परवा सहज मोजला. १६० भरला, म्हणजे जेमतेम १७४ मायक्रॉन.